दोर धरायला कोण उठतं?

(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेलं मनोगत)



मी बोटीवर बोलणार म्हटल्यावर मागच्या बाकांवरून हशा आला. साहजिक आहे. आपला पाण्याशी संबंध अंबाझरीच्या नावेपुरता आणि फुटाळ्यावरच्या कणसापुरता. समुद्र बघायचा तर रात्रभर विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसायचं. पण मला आज तुमच्यापैकी एकाची माफी मागायची आहे, आणि ती बोटीची गोष्ट सांगितल्याशिवाय मागता येत नाही.

मी इंग्लंडमध्ये तीस वर्षं राहिलो. तिथे रेल्वे येण्याआधी कोळसा वाहायला कालवे खणले. काठावरून घोडा चालायचा आणि बोट ओढायचा. घोडे गेले, कोळसा गेला, कालवे राहिले. आज लोक त्यांवर सुटी घालवतात. बोट जेमतेम सात फूट रुंद आणि सत्तर फुटांपर्यंत लांब; आत स्वयंपाकघर, पलंग, सगळं. वेगाची मर्यादा ताशी चार मैल, म्हणजे काठावर फिरायला निघालेले आजोबाही आपल्याला मागे टाकतात.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघांनी अशी बोट आठवड्याभरासाठी भाड्यानं घेतली. सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे जाते, एवढं कळायलाच दीड दिवस गेला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ब्राउन्स्टन गावाशी आलो. तिथे ऑक्सफर्डचा कालवा आणि ग्रँड युनियन कालवा एकत्र येतात, आणि बोटी लावायचा मोठा तळ आहे. वारा आडवा होता. या बोटींचा तळ सपाट असतो, त्यामुळे वारा त्यांना सरळ बाजूला रेटतो. मी दुसऱ्यांच्या बोटींवर आदळायच्या बेतात, बायको पुढे दोर घेऊन उभी, आणि दोघांचा आवाज चढलेला. मराठीत, नशीब.

शेजारच्या बोटीवर एक म्हातारा चहा पीत बसला होता. त्यानं कप खाली ठेवला, काठावर आला आणि नुसता हात पुढे केला. पहिल्यांदा दोर पाण्यात पडला. दुसऱ्यांदा त्यानं तो झेलला, लोखंडी कडीला दोन वेढे दिले, आणि आमची काही टनांची बोट शेळीसारखी गप्प उभी राहिली. मी आभार मानू लागलो तर तो म्हणाला, उद्या तुम्ही कुणाचा तरी धराल.

रात्री हिनं कांदाभजी केली. ती दोघं आली आणि अकरापर्यंत बसली. तो निवृत्त रेल्वेचालक, ती शाळेत शिक्षिका. त्या तळावर माणसं एकमेकांना बोटीच्या नावानं ओळखतात, खरं नाव दुसऱ्या दिवशी कळतं. आपलंही तसंच नाही का? चाळीस वर्षांनी मला तुमची टोपणनावं आठवली, आडनावं यादीत बघावी लागली.

सकाळी पुढची चढण होती, ओळीनं सहा लॉक. लॉक म्हणजे पाण्याचा जिनाच. बोट आत घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, वरचं पाणी आत सोडायचं, की बोट एक पायरी वर. तिथले लॉक रुंद आहेत, त्यांत दोन बोटी शेजारी-शेजारी मावतात. म्हणून एकट्यानं जायचं नाही, जोडीदाराची वाट पाहायची, अशी रीत आहे. एकदा सोडलेलं पाणी खाली निघून जातं. दोघांनी मिळून गेलं तर निम्मं वाचतं. आम्ही सहाही लॉक त्यांच्याबरोबर चढलो, मैलभराहून लांब अंधारा बोगदा त्यांच्या मागच्या दिव्यावर पार केला. पुढच्या फाट्यावर ती दोघं लेस्टरकडे वळली, आम्ही सरळ गेलो. पुन्हा भेट नाही.

आपल्या दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या बोटीतून २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. पण वाटेत तेही चार बंदरांत थांबले. एकटा निघालेला माणूसही कुठेतरी धक्क्याला लागतोच.

आता माफीचं. मी हे सगळं शिकून घरी आलो आणि महिन्याभरात, २३ सप्टेंबरच्या पहाटे, नागपुरात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. अंबाझरी ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली. ज्या गल्ल्यांतून आपण सायकली हाणल्या तिथून लोकांना बोटींनी बाहेर काढलं. आपल्या ग्रुपवर एका मित्रानं फोटो टाकला. तळमजल्यात कमरेएवढं पाणी, तरंगणारी गादी. मी काय केलं? दोन हात जोडल्याचं चित्र पाठवलं. खाली लिहिलं, 'काही लागलं तर सांग.' आणि ऑफिसला गेलो.

ब्राउन्स्टनच्या त्या म्हाताऱ्यानं मला 'काही लागलं तर सांगा' म्हटलं नव्हतं. बुडणाऱ्यानं यादी करून पाठवायची नसते. बघणाऱ्यानं उठायचं असतं. मला पैसे पाठवता आले असते, इथे राहणाऱ्या चौघांना फोन करून त्याच्याकडे धाडता आलं असतं. निदान त्याचा आवाज तरी ऐकता आला असता. मी उठलो नाही.

तो मित्र आज इथे बसला आहे. नाव घेत नाही, त्याला आवडणार नाही. काल रात्री त्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, "अबे, चिखल कधीचाच काढून झाला. आता तू तर्री-पोहे खाऊ घाल."

तेव्हा एकच विनंती. या स्मरणिकेच्या शेवटी आपल्या सगळ्यांचे फोन नंबर छापले आहेत. आपण साठीच्या आसपास आहोत. कुणाची बोट कधी आडव्या वाऱ्यात सापडेल सांगता येत नाही. दिसलं, की कप खाली ठेवा आणि उठा. हात जोडलेलं चित्र नंतर पाठवा.

पोहे उद्या सकाळी आठ वाजता. सगळ्यांना.