राजीनाम्याआधी डोळे तपासा

१९५०च्या दशकात, कोयना धरणाच्या वेळी, कऱ्हाडला धावपट्टी झाली. तिथलं विमान पाहून साताऱ्याचा एखादा मास्तर किंवा सांगलीकडचा साखर कारखान्यातला केमिस्ट तिशीत म्हणतो, ‘आता वैमानिकच व्हायचं!’

होता येतं की! बारावीचं भौतिकशास्त्र नि गणित हवं. राहिलं असेल तर ती परीक्षा आता देता येते. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं. पण राजीनाम्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्या, अगदी पहिल्या श्रेणीपर्यंतची. चष्मा चालतो हो. लाल-हिरवा ओळखता आला नाही, तर मात्र परवाना अडतो. शेत विकून फी भरल्यावर हे कळलं, तर घरी काय सांगाल?

तपासणीत उतरलात, की शिक्षक पहिल्याच दिवशी विमानाच्या टाकीतलं थोडं इंधन नळीत काढायला लावतील. त्यात पाणी नाही ना, ते बघायला.