प्रश्न घेऊन येणारी मुले



पनवेल तालुक्यातील ओवे येथील विज्ञानशिक्षकांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद आपण मजकडे सोपविले, त्याबद्दल आभार मानून मी लागलीच विषयाकडे वळतो. कारण आभारप्रदर्शनाचा शिरस्ता पाळता पाळता मूळ कामकाजच मागे पडते, हा अनुभव आपणांसही असेलच.

विज्ञानाचे बालोपक्रम मुलांना संशोधनाच्या व्यवसायाकडे वळवितात काय, असे कोणी विचारले की आपण पदकांची यादी पुढे करतो. अशी पदके देणाऱ्या स्पर्धांपैकी बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाने १९८१ साली सुरू केलेल्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेची योजना मला शहाणपणाची वाटते. कारण सहावीच्या व नववीच्या विद्यार्थ्याने लेखी परीक्षेवरच न थांबता प्रात्यक्षिक करून दाखवावे आणि स्वतःच्या प्रकल्पाविषयी तज्ज्ञांपुढे बोलावे, अशी तीत तजवीज आहे. परंतु तिच्या भोवतीही शिकवणीवर्ग उभे राहिले. आणि जेथे घोकंपट्टी शिरली तेथे पदक मिळते, जिज्ञासा मात्र जागची हलत नाही.

याच्या उलट एक रीत पाहा. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत शाळकरी मुलांसाठी शनिवारी व्याख्याने होत. वह्या पुढे करून स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर सांगत की, मनातला प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, मी उत्तर लिहीन आणि त्याखाली माझी सही असेल. स्वाक्षरी मागावयास धीटपणा पुरतो. पण प्रश्न लिहावयाचा तर घरी जाऊन विचार करावा लागतो, शब्द जुळवावे लागतात आणि उत्तराची वाट पाहावी लागते, आणि या तिन्ही गोष्टी संशोधकाच्या नित्यक्रमातल्याच आहेत. थोर शास्त्रज्ञ आपल्यासारख्या पोरासोरांच्या पत्राची दखल घेतो, ही जाणीव त्या मुलाला किती दूर नेत असेल!

आपल्या पनवेल तालुक्याला तर पुण्याकडे पाहण्याचेही कारण नाही. खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोग-संशोधन संस्था आहे, कळंबोलीला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येऊ घातल्या, त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडतील, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतले ते काम १९०४ साली आपल्याच जिल्ह्यात अलिबागेस हलविण्यात आले, ही हकीकत वर्गात नुसती सांगू नका. बॅटरीला जोडलेली तार होकायंत्रावर धरा, सुई बिचकून कशी वळते ते मुलांना पाहू द्या, आणि मग ट्रामगाडीचे नाव काढा.

शून्यसावलीचेही तसेच. आपल्या अक्षांशावर वर्षातून दोनदा मध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. पण पहिला दिवस मेच्या मध्यास, म्हणजे ऐन सुट्टीत, आणि दुसरा जुलैच्या अखेरीस, म्हणजे कोकणातल्या ढगांत! शाळेच्या वेळापत्रकाशी सूर्याचे हे वैर मिटणारे नाही. तेव्हा एप्रिलातच प्रत्येक मुलाकडून एक सरळ काठी, ओळंबा आणि कोरी वही तयार करून घ्यावी, आणि सुट्टीत रोज मध्यान्हीच्या सावलीची लांबी मोजून जूनमध्ये वही रुजू करण्यास सांगावे.

ज्यांच्या वहीतले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, त्यांना प्रथम बोलवावे. वाद त्यांच्यातच रंगेल. त्यांचे प्रश्न जमवून, रीतसर अर्ज करून, त्यांना आपल्या तालुक्यातील या संस्थांच्या दारी न्यावे, जाण्यायेण्याचे भाडे शाळेने द्यावे, आणि त्या दिवसाची गैरहजेरी हजेरीपटावर मांडू नये, अशी माझी या संमेलनास सूचना आहे.