गुप्ततेचा करार : सही करण्यापूर्वीं



परतूरच्या स्टेशनावर मुलगा नोकरीसाठीं गाडींत बसतो, तेव्हां घरचीं वडील मंडळी त्याला बजावतात, "वाचल्यावांचून कोठें सही करूं नकोस हो!" आज ज्या कागदाविषयीं बोलावयाचें आहे, त्याला हा उपदेश विशेष लागू पडतो. तो कागद म्हणजे गुप्ततेचा करार. कामाच्या निमित्तानें जें गुपित कळेल तें इतरांस सांगणार नाहीं, असें वचन त्यांत नोकर मालकास देतो.

अशा वचनाची गरज काय? आपल्या जालना जिल्ह्याचेंच उदाहरण घ्या. 1964 सालीं जालन्यास 'महिको' ही बियाण्यांची कंपनी निघाली. संकरित बियाणें दोन भिन्न वाणांच्या संकरापासून होतें. पिशवी कोणीही विकत घेतो. परंतु तिच्यांतील बियाण्याचे मायबाप कोण, हें तिच्यावरून कळत नाहीं. तें गुपित फुटलें तर अनेक वर्षांचे श्रम दुसऱ्याच्या पदरांत पडतात, आणि फुटलेलें गुपित पुन्हां झांकतां येत नाहीं. म्हणून वचन आधींच घ्यावें लागतें.

हें वचन कोठपर्यंत बांधतें, हें कल्याणच्या एका खटल्यांत दिसून आलें. टायरसाठीं लागणारा धागा काढण्याची कृति सेंच्युरी कंपनीनें 1961 मध्यें परदेशी कंपन्यांकडून घेतली, ती गुप्त राखण्याच्या अटीवर. नोकरांकडूनही तसेंच लिहून घेणें तिला भाग होतें. 1963 मध्यें एका पाळी-पर्यवेक्षकानें पांच वर्षांचा करार केला, शिक्षण घेतलें, आणि 1964 मध्यें तो राजस्थानांतील कोटा येथील दुसऱ्या कारखान्यांत गेला. 1967 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्याच्यावरील मनाई कायम केली. कराराच्या मुदतींत तेंच काम त्याला इतरत्र करतां येईना, आणि गुपित तर मुदतीनंतरही सांगतां येईना.

मात्र मालकाचा हक्क येथें संपतो. 1872 च्या करार कायद्याचें 27 वें कलम असें कीं, कायदेशीर धंदा करण्यास मनाई करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल होय. 'नोकरी सुटल्यावर दोन वर्षें या धंद्यांत पडणार नाहीं' असें नोकरानें लिहून दिलें, तरी न्यायालयें तें सहसा बंधनकारक मानीत नाहींत. मालकाची कृति मालकाची. हाताचें कसब ज्याचें त्याचें.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. बुडविलेला पगार, यंत्रांत सांपडलेलें बोट, कामाच्या जागीं झालेला स्त्रीचा छळ, हीं व्यापारी गुपितें नव्हेत. बेकायदेशीर हेतूचा करार 23 व्या कलमानें रद्द ठरतो. न्यायालयाचें दार सर्वस्वीं बंद करणारा करार 28 व्या कलमानें. 'तूं सही केली आहेस, आतां बोलूं नकोस' असें कोणी दरडावलें, तर हीं दोन कलमें आठवावींत.

तेव्हां सहीपूर्वीं तीन प्रश्न विचारावेत : नेमकें गुप्त काय, किती काळ, आणि वकिलास वा सरकारी अधिकाऱ्यास सांगण्याची मोकळीक आहे काय? उत्तरें कागदावर लिहून घ्यावींत, आणि त्याची एक प्रत मागून आपल्या पेटींत ठेवावी. दुसऱ्याचें गुपित राखणें हा सज्जनाचा धर्मच आहे. पण दुसऱ्याचा अन्याय झांकणें हा कोणत्याही कराराचा भाग होऊं शकत नाहीं.