शिक्षेआधीचा तुरुंग



दीक्षान्त समारंभात विद्याशाखेची थोरवी सांगण्याचा रिवाज आहे. परंतु ज्या शाखेच्या अभ्यासाचा विषय बंदिवासातला माणूस आहे, तिने आपला अभ्यासक्रम आणि प्रत्यक्ष तुरुंग यांचा मेळ कितपत बसतो हे या प्रसंगी तपासून पाहणे अधिक सयुक्तिक ठरेल.

गुन्हेशास्त्र गुन्ह्याची कारणे शोधते. सुधारसेवा, म्हणजे शिक्षा भोगणाऱ्या व्यक्तीला समाजात परत आणण्यासाठी शिक्षण, रोजगार, समुपदेशन व पुनर्वसन या मार्गांनी केलेले काम, ही त्या शास्त्राची उपयोजित बाजू होय. महाराष्ट्रात या बाजूला मोठा वारसा आहे. औंध संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या कारकिर्दीत, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या प्रेरणेने, १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली आणि शिक्षा झालेले कैदी तेथे उंच भिंतींवाचून, शेती करून राहू लागले. याच प्रयोगावरून माणदेशच्याच ग. दि. माडगूळकरांनी कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. चित्रपटातले सहाही कैदी दोषी ठरलेले आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. खटला चालू असलेल्या कैद्यावर असा चित्रपट काढणे अवघडच, कारण त्याच्या कथेत पुढच्या तारखेखेरीज फारसे काही घडत नाही.

आणि तरीही भारतीय तुरुंग मुख्यतः याच कैद्याचा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते, अधिकृत क्षमता ४,३६,२६६ होती, आणि बंद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे शेकडा ७५.८, हे न्यायाधीन बंदी होते. न्यायाधीन बंदी म्हणजे ज्याच्यावरील आरोपाचा निकाल लागायचा आहे असा, तुरुंगाच्या बोलीतला ‘कच्चा कैदी’. एकट्या कच्च्या कैद्यांनीच देशातील तुरुंग जवळजवळ काठोकाठ भरतात, हा या आकड्यांचा सरळ अर्थ आहे. ज्याचा दोष न्यायालयाने अद्याप ठरवलेला नाही, त्याला सुधारायचे ते कशापासून, या प्रश्नाला सुधारसेवेच्या पाठ्यपुस्तकांनी क्वचितच पुरेशी जागा दिली आहे.

या कैद्याची अडवणूक बहुधा एखाद्या क्षुल्लक दिसणाऱ्या कागदापाशी होते. न्यायालय जामीन मंजूर करते, परंतु हमीदार, म्हणजे आरोपी तारखेला हजर राहील याची आर्थिक जबाबदारी घेणारा माणूस, आणल्याशिवाय सुटका होत नाही; हमीदाराला शिधापत्रिका व ऐपतीचा दाखला लागतो, आणि परप्रांतातून मजुरीला आलेल्या माणसासाठी असा दाखला घेऊन उभा राहणारा शहरात सहसा कोणी नसतो. न्यायालयाने जातमुचलक्यावर, म्हणजे आरोपीच्या स्वतःच्या लेखी हमीवर, सोडले तरी सुटकेचा आदेश सायंकाळच्या बंदीपूर्वी कारागृहात पोचावा लागतो. नावात एका अक्षराचा फरक निघाला की आणखी एक रात्र आत जाते. त्या रात्रीची नोंद कोणत्याही शिक्षेत होत नाही.

कायद्याने या प्रश्नाकडे पूर्ण पाठ फिरवली आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. बिहारमधील कच्च्या कैद्यांसाठी वकील कपिला हिंगोरानी यांनी लढवलेल्या हुसैनारा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये शीघ्र सुनावणी हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. त्या कैद्यांतील काही जण आरोपाच्या कमाल शिक्षेहूनही अधिक काळ आत होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, कायद्याने घातलेल्या काही अपवादांसह, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आणि पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने एक तृतीयांश काळ काढल्यावर तो सुटकेस पात्र होतो, आणि तसा अर्ज न्यायालयाकडे करण्याचे कर्तव्य कारागृह अधीक्षकावर टाकले आहे. जामीन मिळूनही सात दिवसांत न सुटलेल्या बंद्याची माहिती जिल्हा विधिसेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी बजावले आहे. तथापि दिवस मोजणे, आरोप-कलम पडताळणे, कुटुंबाचा माग काढणे ही कामे माणसांनाच करावी लागतात, आणि अशा माणसांचीच वाण आहे.

अशा माणसाचे मोल न्यायव्यवस्थेने एकदा मुंबईतच ओळखले होते. पत्रकार शीला बर्से यांनी मे १९८२ मध्ये मुंबई मध्यवर्ती कारागृहातील पंधरा स्त्री-बंद्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले, आणि बर्से यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण हाती घेतले. त्या वेळी न्यायालयाने चौकशीसाठी पोलीस अधिकारी नेमला नाही. निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. ए. आर. देसाई यांनी तुरुंगात जावे व स्त्रियांशी एकांतात बोलावे, असे सांगितले. त्यानंतर १९८३ च्या निकालात स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या, चौकशीच्या वेळी महिला पोलिसांची उपस्थिती आणि विधिसाहाय्य यांविषयी निर्देश आले. समोरच्या स्त्रीला विश्वासात घेऊन ऐकण्याची आणि ऐकलेले न्यायालयात टिकेल अशा रीतीने लिहिण्याची जी विद्या त्या महाविद्यालयात शिकवली जात होती, ती येथे एखाद्या घणाघाती युक्तिवादाइतकीच कामी आली.

या सभागृहातून बाहेर पडणारे स्नातक परिवीक्षा अधिकारी होवोत, कारागृह सेवेत जावोत वा एखाद्या संस्थेत काम करोत; त्यांनी पहिल्याच महिन्यात आपल्या जिल्ह्याच्या विधिसेवा प्राधिकरणाकडे जाऊन जामीन मंजूर होऊनही आत राहिलेल्यांची यादी पाहावी, आणि त्यातील पहिल्या नावाच्या घरचा पत्ता शोधण्यापासून कामाला लागावे.