सूत कातण्याचा पहिला धडा

(चाकणजवळच्या एका खेड्यांत शेतकरी व कारागीर मंडळींपुढें एका शिक्षकानें दिलेलें व्याख्यान)



आज मी पोथी घेऊन आलों नाहीं, टकळी घेऊन आलों आहें. एक पितळी चकती, तिच्या मधून गेलेली पोलादी काडी आणि काडीच्या टोंकाला आंकडा. एवढेंच हें यंत्र. नवशिक्यानें आधीं चरखा विकत घेऊं नये. त्याची माळ सुटते, चाती वांकते, आणि शिकणाऱ्याला कळत नाहीं कीं दोष लांकडाचा कीं हाताचा. टकळीवर काय चुकलें तें सुतांत लगेच दिसतें.

कातणें म्हणजे दोन कामें : तंतू ओढणें आणि त्यांना पीळ देणें. कापसाचा तंतू जेमतेम इंचभर लांब. एकटा तो कांहींच पेलीत नाहीं. पीळ बसला म्हणजे तंतू एकमेकांना दाबून धरतात आणि ओढले तरी निसटत नाहींत. पेळू डाव्या हातांत अगदीं सैल धरा, चिमणीचें पिल्लूं धरावें तसा. मूठ आंवळली कीं सूत तुटलेंच. पहिले दोन दिवस दोन्ही कामें एकदम करूं नका. टकळीला गिरकी द्या, ती गुडघ्यांत धरा, आणि मग सावकाश तंतू ओढा. पीळ नेहमीं बारीक जागीं धांवतो, जाड जागीं चढत नाहीं. म्हणून बारीक जागीं सूत वळ्या घालतें आणि जाड जागीं सुटतें. गोळा दिसला तर दोन्हीं बाजूंनीं धरून थोडा पीळ उलगडा, हलकेंच ओढा, पुन्हां पीळ द्या. सूत तुटलें तर गांठ मारूं नका. टोंक उकलून पेळूच्या मोकळ्या तंतूंवर ठेवा, पीळ त्यांना पकडून घेतो. पहिल्या आठवड्याचें सूत सुरवंटासारखें निघेल. त्याची नाडी वळा.

आतां थोडें गणित करूं. चार फुटांची एक तार, १६० तारांची लटी, ६४० तारांची गुंडी. म्हणजे सुमारें अर्धा मैल सूत. दर इंचाला ताण्याचे ४० व बाण्याचे ४० धागे धरले तर एका चौरस वार कापडाला तीन गुंड्यांहून जास्त सूत लागतें. विणकर एक, पण त्याच्यामागें कातणारे हात कितीतरी, आणि ते बहुधा बाईचे. घरबसल्या काम म्हणून त्याचा भाव सर्वांत हलका. चरखा संघ १९२५ सालीं निघाला; कातणारणीला पोटापुरती मजुरी मिळाली पाहिजे हा ठराव व्हावयास १९३५ साल उजाडलें, आणि तोहि गांधींच्या आग्रहानें. तोंपर्यंत खादीची थोरवी व्यासपीठावरून पुष्कळांनीं सांगितली होती!

कातून पोट भरेल असें मी सांगत नाहीं. तसें सांगणारा तुम्हांला फसवील. आपलीं मुलें चाकणच्या मोटारींच्या कारखान्यांत कंत्राटावर जातात. पण ज्यानें स्वतः एक गुंडी कातली, त्याला वस्तूंत किती तास मुरतात हें बोटांनीं कळतें, आणि कंत्राटदाराचा हिशेब तो निराळ्या डोळ्यांनीं वाचतो.

दुसरी गोष्ट. आपल्या भागांत कातण्याची जुनी विद्या कापसाची नव्हे, लोकरीची. ती धनगरांच्या बायकांच्या हातांत आहे. त्यांनीं कातलेल्या सुताला चिंचोक्यांची खळ लावून सणगर खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणतो. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, म्हणून पुष्कळ ठिकाणीं आज तिच्यांतून कातरणीचा खर्चहि निघत नाहीं. मग सून कशाला शिकेल? जाणत्या बायका म्हाताऱ्या झाल्या. आम्ही मास्तर पुस्तकांतलें शिकवून पगार घेतों. या बायकांना मात्र चहा पाजून, फोटो काढून वाटेला लावतात. विद्या तीच, शिकविणें तेंच, मग हा भेद कां?

येत्या रविवारीं वर्ग भरवावयाचा आहे. (ही रविवारची सुटीहि नारायण मेघाजी लोखंड्यांनीं गिरणीकामगारांसाठीं झगडून १८९० सालीं मिळविली.) टकळ्या व पेळू मी आणतों. लोकर कातणाऱ्या दोन आजीबाई यावयास तयार आहेत. त्यांची दिवसाची मजुरी कारखान्यांतल्या रोजंदारीइतकी ठरवावी, ती वर्गणींतून सकाळींच त्यांच्या हातावर ठेवावी, आणि मग वर्ग सुरू करावा.