परराष्ट्र धोरणात घरकामगार बाई कुठे असते?

(आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय घेऊन एम.ए. करणाऱ्या विद्यार्थिनींसाठी आपल्या गटाने एक दिवसाचे शिबिर घेतले. लघुप्रबंधाचा विषय कसा ठरवावा आणि कामाची आखणी कशी करावी, यावर तेथे झालेले हे भाषण. – संपादक मंडळ)



मी तुमच्या विषयाची विद्यार्थिनी नाही. मी एम.एस.डब्ल्यू. केले आणि गेली दहा-बारा वर्षे मुंबईच्या वस्त्यांमध्ये घरकामगार बायकांबरोबर काम करते आहे. ‘ही बाई आपल्याला परराष्ट्र धोरणाबद्दल काय सांगणार?’ असे काहीजणींच्या मनात आले असेल, तर ते साहजिकच आहे.

शिबिराआधी तुम्ही लिहून दिलेले विषय मी वाचले. ‘भारत आणि आखाती देश : बदलते संबंध’, ‘भारताची ऊर्जा सुरक्षा’, ‘भारत-नेपाळ संबंध’. या विषयांत तेल आहे, सीमा आहे, मंत्र्यांचे दौरे आहेत. बाई मात्र कुठेच नाही. तुम्ही तिला मुद्दाम वगळले असे मी म्हणत नाही. पाठ्यपुस्तकांतही ती क्वचितच सापडते. सिंथिया एन्लो या अमेरिकन अभ्यासिकेने १९८९ साली ‘बनानाज, बीचेस अँड बेसेस’ या पुस्तकात विचारले की जागतिक राजकारणात बायका कुठे आहेत? लष्करी तळांभोवती, केळीच्या मळ्यांत, राजदूतांच्या घरात आणि परदेशी मोलकरणींच्या रूपात त्या तिला दिसल्या. या पुस्तकाला आता तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तो प्रश्न आपल्या लघुप्रबंधांत अजून उतरायचा आहे.

मला हा प्रश्न पुस्तकातून भेटला नाही. आमच्या केंद्रात एक आई आली. तिची मुलगी आखातात घरकामाला गेली होती आणि तीन महिने फोन नव्हता. मुलीचे वय सत्तावीस; एजंटाने कागदोपत्री ते बत्तीस करून दिले होते. आम्ही एका कार्यालयातून दुसऱ्यात फिरलो. शेवटी एका टेबलावर उत्तर मिळाले, ‘आमच्या नोंदीत अशी कोणी बाई गेलेलीच नाही.’ मुलगी पुढे सहा महिन्यांनी परत आली, निम्मा पगार बुडवून. पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिले. जी नोंदीत नाही, तिच्यासाठी सरकार दुसऱ्या सरकारशी बोलणार कसे? आणि ती नोंदीत का नाही?

आता हे तुमच्या शास्त्राच्या भाषेत मांडून पाहू. दहावी न झालेल्या माणसाचा पासपोर्ट ‘ईसीआर’ वर्गात येतो. ठरावीक अठरा देशांत नोकरीला जायचे तर त्याला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची परवानगी लागते, असा नियम. त्यातही बाई असेल आणि वय तिशीच्या आत असेल, तर परवानगी मिळत नाही, असे धोरण सरकारने वर्षानुवर्षे ठेवले. तिच्याच घरातल्या, तिच्याइतक्याच शिकलेल्या बावीस वर्षांच्या भावाला ही अट लागली नाही. २०१६ मध्ये आणखी एक पाऊल पडले. अशा स्त्रियांची भरती खासगी एजंटांकडून काढून केरळची नोर्का रूट्स आणि काही राज्यांची महामंडळे अशा सरकारी संस्थांकडेच दिली गेली. हेतू संरक्षणाचा. पण ज्या वस्तीत सरकारी संस्था पोचत नाही तिथे एजंट पोचतो, आणि तो बाईला भेटीच्या व्हिसावर नाहीतर खोट्या वयावर पाठवतो. म्हणजे संरक्षणासाठी केलेल्या नियमानेच ती नोंदीबाहेर जाते, असे होते का? हा संशोधनाचा प्रश्न आहे. ‘का’ने सुरू होणारा, ज्याचे उत्तर ‘नाही’ही येऊ शकेल असा. उत्तर आधीच ठाऊक असेल तर ती पत्रक लिहिण्याची गोष्ट झाली. पत्रकेही लागतातच, पण त्यांना एम.ए.ची पदवी मिळत नाही.

आखणीची पहिली पायरी विषय लहान करण्याची. ‘आखाती देशांतील भारतीय स्त्री कामगार’ हा विषय दहाजणींना पुरेल. देश एक घ्या, काळ बांधून घ्या, घटना एक घ्या. उदाहरणार्थ कुवेत. भारताने अट घातली की कुवेती मालकाने भारतीय घरकामगार बाईला थेट नेमायचे असेल तर आपल्या दूतावासात अडीच हजार डॉलरची बँक हमी द्यावी. पगार बुडाला, बाईला परत पाठवायचे झाले, तर पैसा हाताशी असावा म्हणून. कुवेतला ही अट खुपली. सप्टेंबर २०१७ मध्ये भारताने ती मागे घेतली. २०२१ मध्ये दोन्ही देशांनी घरकामगारांबाबत सामंजस्य करार केला. मधल्या काळात, २०१५ साली, कुवेतने घरकामगारांसाठी ६८ क्रमांकाचा कायदा केला होता. त्यात आठवड्याची सुटी, कामाच्या तासांना मर्यादा, वर्षाची पगारी रजा आली. मालकाने पासपोर्ट ठेवून घेण्यास मनाई झाली.

तुमचा प्रश्न असा होऊ शकतो : भारताने बँक हमीची अट का सोडली? आता संभाव्य उत्तरे मांडा. एक, कुवेतमधल्या इतर लाखो भारतीयांच्या नोकऱ्या धोक्यात येऊ नयेत म्हणून. दोन, आपण अडून बसलो तर मालक दुसऱ्या देशातून बायका आणतील म्हणून. तीन, नवा कायदा आल्यावर हमीची गरज उरली नाही असे सरकारला वाटले म्हणून. चार, या बायकांच्या बाजूने देशात बोलणारे कोणी नव्हते म्हणून. ही तुमची गृहीतके. प्रत्येकापुढे लिहा, की हे खरे असेल तर मला कोणता पुरावा सापडायला हवा? हा तक्ता एका पानावर बसला तर तुमचा आराखडा निम्मा झाला असे समजा.

काही मार्गदर्शक म्हणतील, ‘हे समाजकार्य झाले, आंतरराष्ट्रीय संबंध नव्हेत.’ त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्याच शास्त्रातले हत्यार उचला. रॉबर्ट पटनम यांनी १९८८ मध्ये मांडले की वाटाघाटी करणारे सरकार एकाच वेळी दोन पटांवर खेळत असते. एक पट परक्या सरकारसमोरचा, दुसरा घरच्या मतदार-दबावगटांसमोरचा. मग विचारा, घरच्या पटावर घरकामगार बाईचे प्यादे होते का? संघटित नर्सेसचे वजन आणि विखुरलेल्या मोलकरणींचे वजन सारखे आहे का? हा प्रश्न शंभर टक्के आंतरराष्ट्रीय संबंधांचा आहे.

तुलना करायची असेल तर दोनच देश घ्या. फिलिपिन्स हा चांगला जोडीदार आहे. त्या देशाने २००६ च्या अखेरीस घरकामगारांसाठी महिना ४०० डॉलर किमान पगाराची अट घातली. २०१८ मध्ये कुवेतमध्ये एका फिलिपिनो घरकामगार बाईचा मृतदेह सापडल्यावर त्याने तिथे माणसे पाठवणे थांबवले, आणि मे महिन्यात करार करूनच ते पुन्हा सुरू केले. बाईला स्वतःचा मोबाइल वापरता यावा, ही गोष्टही त्या करारात आली. बंद खोलीत राहणाऱ्या बाईला फोन म्हणजे काय, हे आमच्या केंद्रात बसलेल्या त्या आईला विचारा. नेपाळचा अनुभव वेगळा. १९९८ मध्ये कुवेतमधल्या एका नेपाळी घरकामगार बाईच्या मृत्यूनंतर आखातावर बंदी आली. ती उठली, आणि २०१२ मध्ये तिशीच्या आतल्या बायकांवर पुन्हा आली. बायका जायच्या थांबल्या नाहीत. भारतातून, आपल्या विमानतळांवरून जाऊ लागल्या. भारत-नेपाळ संबंध घेणाऱ्या मैत्रिणीने इकडे लक्ष द्यावे. तिची उघडी सीमा इथे भेटते.

दुसरी पायरी कागदपत्रांची. लोकसभा-राज्यसभेत परराष्ट्र मंत्रालयाने दिलेली उत्तरे वर्षवार काढा. करारांचा मूळ मजकूर वाचा, बातमीवर थांबू नका. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १६ जून २०११ रोजी घरकामगारांबाबतचा १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला. बाजूने ३९६, विरोधात १६ आणि तटस्थ ६३ मते पडली. भारत सरकारने बाजूने मत दिले, पण पुढे त्यावर अनुसमर्थनाची मोहर उठवली नाही. फिलिपिन्सने ती २०१२ मध्येच उठवली. का, हाही एक लघुप्रबंध आहे. ‘सीडॉ’ करार भारताने १९९३ मध्ये मान्य केला. त्या समितीची २००८ ची २६ क्रमांकाची शिफारस स्थलांतरित कामगार स्त्रियांबद्दल आहे. केवळ बाई म्हणून घातलेल्या बंद्या आणि वयाच्या अटी मूळ देशांनी काढाव्यात, असे ती सांगते. आपली तिशीची अट तिच्या शेजारी ठेवून पाहा. प्रवीणा कोडोत आणि व्ही. जे. वर्गीस यांचा २०१२ मधला ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तला लेख याच प्रश्नावर आहे. तो आधी वाचा, म्हणजे झालेलेच काम पुन्हा करण्यात वर्ष जाणार नाही.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज पहिल्याच महिन्यात टाका. दहा रुपये फी आणि उत्तराला तीस दिवस हे खरे, पण अपिलाचा वेळ धरावा लागतो. वाटाघाटींची टिपणे मागाल तर परदेशाशी संबंध बिघडतील या कारणाने नकार येईल. आकडे, परिपत्रके, तक्रारींची वर्गवारी मागा. आणि मिळालेला आकडा हातात धरून विचारा, यात कोण नाही? भेटीच्या व्हिसावर गेलेली नाही. दहावी झालेली आणि म्हणून परवानगी न लागणारी नाही. सरकारी आकडा परवानग्या मोजतो, बायका मोजत नाही, हे वाक्य तुमच्या पहिल्या प्रकरणात यायला हवे.

तिसरी पायरी मुलाखतींची. इथे मी जरा कडक बोलणार आहे. परत आलेल्या बायकांच्या मुलाखती घ्यायच्याच, असा हट्ट धरू नका. सरकार का बदलले हा प्रश्न असेल तर त्याचे उत्तर त्या बाईकडे नाही. ते निवृत्त अधिकारी, भरती एजंट, संघटनांचे कार्यकर्ते यांच्याकडे आहे. तिच्या दुःखाने प्रबंधाला रंग चढवायचा, हे बरोबर नाही. पण नियम चुकवून ती कशी आणि का गेली हा प्रश्न असेल, तर तिच्यावाचून उत्तर नाही. मग काही गोष्टी आधी ठरवा. संमती मराठीत किंवा तिच्या भाषेत, सही करण्याआधी वाचून दाखवून घ्या. नको वाटेल तिथे थांबण्याचा हक्क तिचा. वय खोटे लावून गेलेल्या बाईचे नाव, गाव, वस्ती, मालकाचे नाव, यांतले काही वहीतही लिहू नका. कायद्याच्या नजरेत ती स्वतःच अडचणीत येऊ शकते. एजंट बहुधा त्याच वस्तीतला, कधी नात्यातला असतो. म्हणून मुलाखत तिच्या दारात नको. तिचा अर्धा दिवस गेला तर एका घरचा खाडा पडतो, त्याचे पैसे खर्चात धरा. आणि ती रडू लागली तर पुढचा प्रश्न विचारायचा नाही. वही मिटायची, आणि जवळचे समुपदेशन केंद्र कुठे आहे हे तुम्हाला आधीच ठाऊक असायला हवे. पाच-सहा नीट मुलाखती एका लघुप्रबंधाला पुरतात.

वेळेचा हिशोब साधा ठेवा. आठ महिने असतील तर पहिला वाचनाला आणि अर्जांना, पुढचे तीन कागदपत्रांना, एक मुलाखतींना, तीन लिहायला. बायकांचे वेळापत्रक घरातल्या आजारपणाने, लग्नकार्याने मोडते हे आपल्याला पक्के माहीत आहे. म्हणून लिहिण्याचे तीन महिने कुणाला देऊ नका.

शेवटी, हे सगळे कशासाठी? आपल्या चळवळीतच या प्रश्नावर एकमत नाही. काहीजणी म्हणतात, इतके हाल होत असतील तर बायकांना पाठवणेच बंद करा. काहीजणी म्हणतात, बंदीने एजंटाचा भाव वाढतो. जाण्याचा हक्क द्या आणि करार पक्के करा. मी दुसऱ्या बाजूची आहे. पण पहिल्या बाजूच्या बायकांनी परत आलेल्या मुली जवळून पाहिल्या आहेत, त्यांचे म्हणणे मी झटकून टाकू शकत नाही. मोर्चात, निवेदनात आम्ही जे मागतो त्याला आधार लागतो, आणि वस्तीत काम करता करता करारांचे मसुदे वाचायला आम्हाला फुरसत मिळत नाही. ते काम तुम्ही करू शकता. तुमचा निष्कर्ष माझ्या मताविरुद्ध गेला तरी चालेल, पुरावा मात्र पक्का आणा.

लघुप्रबंध जमा झाला की त्याची एक प्रत विद्यापीठाला जाईल. दुसरी, चार पानांची, साध्या मराठीत लिहिलेली, आमच्या घरकामगार बायकांच्या बैठकीसाठी आणा. त्या ऐकतील, आणि प्रश्न विचारतील. तोंडी परीक्षेपेक्षा तिथली तयारी जास्त करून या.