नर्मदेच्या पाण्याचा हिशेब
(गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात दिलेले भाषण)



बुद्धिदात्या गणरायापुढे थोडे गणित मांडायला हरकत नसावी. आम्ही पदविका घेऊन सरकारी नोकरीत आलेली माणसे. मोठे सिद्धांत सांगत नाही, रोजच्या पाण्याचा हिशेब तेवढा सांगतो.

१५ लिटर पाण्याची बादली तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे साधारण १० मीटर उंच न्यायची आहे. बादलीचे आणि आपले स्वतःचे वजन सोडून द्या. १५ किलो पाण्याला ९.८ ने गुणा, मग १० मीटरने गुणा. उत्तर येते १४७० ज्यूल. हे झाले कार्य. नातवाने बादली ३० सेकंदांत नेली, आजोबांनी २ मिनिटांत. कार्य दोघांचे सारखेच. पण कार्याला वेळेने भागले की सरासरी शक्ती मिळते: नातवाची ४९ वॅट, आजोबांची १२.२५ वॅट. तेव्हा आजोबांनी काम कमी केले असे कोणी म्हणू नये!

मोटरचेही तसेच. मोठ्या मोटरने टाकी लवकर भरते, पण पाणी तेवढेच आणि उंची तेवढीच, म्हणून कार्यही तेवढेच. नुसत्या घाईने वीज वाचत नाही.

आता आपल्या इंदूरकडे वळू. नर्मदेच्या पाण्यासाठी १९७० मध्ये या शहराने आंदोलन केले आणि १९७८ मध्ये ते पाणी इथे पोहोचले. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, पंपांनी विंध्याचा घाट चढवून ते आणावे लागते. नदीकाठ आणि इंदूर यांच्या उंचीत साधारण ४०० मीटरचा फरक आहे. हजार लिटर पाणी तेवढे उचलायचे तर १००० गुणिले ९.८ गुणिले ४००, म्हणजे ३९ लाख २० हजार ज्यूल. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे हजार लिटरमागे एक युनिटहून अधिक वीज लागलीच. पंपांतली आणि नळांतल्या घर्षणाची तूट त्याहून वेगळी. एका युनिटवर १० वॅटचा दिवा १०० तास जळतो.

दिवसाआड पाणी येते, आपण टाकी लावून देतो आणि पाणी गच्चीवरून वाहत राहते. वाहून जाते ते नुसते पाणी नव्हे, नर्मदेपासून घाट चढून आलेले सगळे कार्य गटारात जाते. ते परत मिळत नाही.

म्हणून आमची एवढीच विनंती: यंदा प्रत्येक घराने टाकीचा बॉलकॉक तपासावा, बिघडला असेल तर बदलावा. आणि मुलांनी आपल्या घराचा हा हिशेब वहीत मांडून मंडळात आणून दाखवावा. आम्ही आनंदाने तपासून देऊ.

गणपती बाप्पा मोरया!